सरकारी मदत मागणाऱ्यांची ड्रग टेस्ट : अमेरिकेतल्या मराठी करदात्यांना खुले पत्र

अमेरिकेत राहणाऱ्या आणि इमानेइतबारे कर भरणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

इथल्या राज्यांच्या निवडणुका जवळ आल्या की आपल्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘मला पगार मिळवण्यासाठी लघवीची तपासणी द्यावी लागते, मग माझ्या करावर जगणाऱ्यांना का नको?’ ऐकणारे मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. वाक्य सोपं आहे आणि वरवर पाहता त्यात न्यायही दिसतो. मी मात्र त्याच्याशी अजिबात सहमत नाही. का, ते सविस्तर सांगावं म्हणून हे पत्र. आपल्यातले बरेच जण आता इथले नागरिक आहेत, मतदान करतात, आमदारांना पत्रं लिहितात, निधी देतात. आपल्या मताला वजन आहे, म्हणूनच ते विचार करून दिलेलं असावं.

मी वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करते. लघवीचे नमुने तपासणं हे माझ्या रोजच्या कामातलं काम. त्यामुळे आधी या तपासणीला काय कळतं आणि काय कळत नाही, तेच सांगते. कारण ज्यांना ही अट हवी आहे त्यांच्या मनात बहुधा असं असतं की नमुना यंत्रात घातला की व्यसनी माणूस एका बाजूला आणि निर्व्यसनी दुसऱ्या बाजूला पडतो.

तसं होत नाही. पहिली चाचणी प्रतिपिंडांवर चालते. ठरावीक पदार्थाला चिकटणारे हे रेणू त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या पदार्थालाही चिकटू शकतात. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन किंवा नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन घेतलेल्या माणसाचा नमुना ॲम्फेटामिनसाठी पॉझिटिव्ह येऊ शकतो. खसखस खाल्ली तरी अफूच्या घटकांचा अंश लघवीत उतरतो. सरकारी नोकऱ्यांतल्या तपासणीत अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती, ती १९९८ मध्ये २,००० करावी लागली, ती बऱ्याच अंशी याच कारणाने. म्हणून पहिल्या चाचणीत पॉझिटिव्ह आलेला नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीने पुन्हा तपासायचा असतो. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात आणि औषधांची यादी पाहणारा जाणकार डॉक्टर लागतो.

दुसरी गोष्ट काळाची. कोकेनच्या खुणा दोन ते चार दिवस राहतात, हेरॉइनच्या एक ते तीन दिवस. गांजातला मुख्य घटक चरबीत साठतो, त्यामुळे नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे सापडतो. दारूचं म्हणाल तर नेहमीच्या तपासणीत ती नसतेच, आणि असली तरी काही तासांत निघून जाते. म्हणजे घराची सर्वांत जास्त राखरांगोळी करणारं व्यसन या चाळणीतून सहज निसटतं, हेरॉइन घेणारा चार दिवस थांबून सुटू शकतो, आणि सापडतो तो मुख्यतः गांजा ओढणारा. तोच गांजा आता वीसपेक्षा जास्त राज्यांत प्रौढांना दुकानातून कायदेशीर विकत घेता येतो. तो माणूस व्यसनाधीन आहे का, त्याला काम झेपतं का, मुलाला तो नीट सांभाळतो का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या यंत्राजवळ नाही.

आता हिशोबाकडे येऊ. आपण हिशोबी माणसं आहोत आणि या मागणीच्या मुळाशी ‘माझा पैसा’ आहे. फ्लोरिडाचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण तिथे ही कल्पना कसलीही काटछाट न करता अमलात आली. राज्यपाल रिक स्कॉट यांनी सही केलेला कायदा १ जुलै २०११ पासून लागू झाला. गरजू कुटुंबांसाठीची तात्पुरती रोख मदत, जिला इथे टॅनफ म्हणतात, ती मागणाऱ्या प्रत्येक प्रौढाने आधी चाचणी द्यायची. संशय असो वा नसो. चाचणीचे तीसेक डॉलर त्यानेच भरायचे, निगेटिव्ह आला तर राज्य परत करणार. पॉझिटिव्ह आला तर वर्षभर मदत बंद. त्या राज्यात तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त ३०३ डॉलर मिळायचे. ज्याच्या घरात तेवढेही नाहीत म्हणून तो अर्ज करायला आलाय, त्याने आधी तीस डॉलर काढून ठेवायचे. ही एकच अट वाचून मला त्या कायद्याचा हेतू कळला.

जेमतेम चार महिने हे चाललं. ४,०८६ अर्जदारांपैकी १०८ जण पॉझिटिव्ह आले, म्हणजे २.६ टक्के, आणि त्यांतही बहुतेक गांजासाठी. आणखी ४० जणांनी ठरलेली चाचणी दिली नाही. उरलेल्यांना राज्याने सुमारे १,१८,००० डॉलर परत केले. नापास झालेल्यांना मदत नाकारून जेवढे वाचले, त्यापेक्षा ही रक्कम जास्त होती. त्याच वर्षी देशभरातल्या सर्वेक्षणात बारा वर्षांवरच्या ८.७ टक्के लोकांनी गेल्या महिन्याभरात काहीतरी बेकायदा अमली पदार्थ घेतल्याचं सांगितलं होतं. सर्वेक्षण आणि लघवीची चाचणी या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, त्यामुळे गरीब लोक इतरांपेक्षा कमी नशा करतात असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. काही अभ्यासांत मदत घेणाऱ्यांमधलं प्रमाण थोडं जास्तही दिसलं आहे. पण सरकारी मदत म्हणजे नशेचा खर्च, हे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभं केलं जातं, त्याला या आकड्यांत कुठेच जागा नाही.

नौदलात सेवा करून आलेल्या, एकट्याने लहान मुलाला वाढवणाऱ्या, शिक्षण पूर्ण करू पाहणाऱ्या एका तरुणाने चाचणी द्यायला नकार दिला आणि तो न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायाधीश मेरी स्क्रिव्हन यांनी कायद्याला स्थगिती दिली, २०१३ च्या शेवटच्या दिवशी तो घटनाबाह्य ठरवला आणि डिसेंबर २०१४ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. या साऱ्या लढाईत राज्याचे लाखो डॉलर खर्ची पडले. तेही करदात्यांचेच.

फ्लोरिडानंतर राज्यांनी वाट बदलली. आता आधी प्रश्नावली भरून घेतात आणि उत्तरांवरून ज्याच्याबद्दल संशय वाटेल त्याचीच चाचणी करतात. न्यायालयात टिकायला हा मार्ग सोपा. हाती काय लागलं, ते पाहा. युटामध्ये ऑगस्ट २०१२ पासूनच्या वर्षभरात ४,७३० अर्जदारांना प्रश्न विचारले, ४६६ जणांची चाचणी केली, १२ पॉझिटिव्ह आले आणि खर्च ३०,००० डॉलरच्या वर गेला. टेनेसीत २०१४ च्या दुसऱ्या सहामाहीत १६,०१७ अर्ज आले, पॉझिटिव्ह ३७.

यावर समर्थक म्हणतात, ‘पॉझिटिव्ह येणार हे ज्यांना माहीत होतं ते अर्ज करायला आलेच नाहीत, म्हणून आकडा लहान दिसतो.’ काही जण तसे असतीलही. पण चाचणीला न येण्याची कारणं अनेक असतात. प्रयोगशाळा दूर, गाडी नाही, मुलाला कुणाकडे ठेवायची सोय नाही, त्याच दिवशी कामाची पाळी. गैरहजेरीला गुन्ह्याची कबुली समजणं मला मान्य नाही. आणि क्षणभर समजा, एखादी आई खरोखर व्यसनात अडकली होती म्हणूनच आली नाही. मग काय झालं? जी बाई मदत मागायला सरकारी कचेरीत येणार होती, जिथे कुणीतरी तिच्याशी बोललं असतं, उपचाराचा पत्ता दिला असता, ती दारातूनच परत गेली. तिच्याबरोबर तिचं मूलही गेलं. याला यश म्हणायचं असेल तर हा कायदा कुणासाठी केला, हे तरी स्पष्ट सांगावं.

‘मलाही द्यावी लागते’ या मुद्द्याकडे आता वळते, कारण आपल्याला सर्वांत जास्त पटतो तो हाच.

खाजगी कंपनी कामावर घेताना चाचणी मागते तेव्हा तो तुमच्यातला आणि कंपनीतला करार असतो. अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती सरकारच्या हाताला लगाम घालते. सरकारला तुमच्या शरीराची, घराची, कागदपत्रांची झडती घ्यायची तर त्याला कारण हवं, आणि लघवीची सक्तीची तपासणी ही झडतीच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्या खटल्यात न्यायालयाने तपासणीला परवानगी दिली, पण तिचं कारण ऐका. गाडी चालवणारा शुद्धीत नसेल तर माणसं मरतात. १९८७ च्या जानेवारीत मेरीलँडमध्ये झालेल्या रेल्वे अपघातात १६ जण दगावले होते आणि इंजिन चालवणाऱ्याने गांजा ओढलेला होता. ट्रक, विमान, रेल्वे यांच्या चालकांची तपासणी होते ती इतरांच्या जिवासाठी. पगार घेतात म्हणून नव्हे. सरकारी पगार घेणाऱ्या सरसकट सगळ्यांची तपासणी होत नाही. फ्लोरिडात स्कॉट यांनी राज्याच्या कर्मचाऱ्यांवरही अशी सक्ती करून पाहिली, तेव्हा कर्मचारी संघटना न्यायालयात गेली आणि ती सरसकट सक्ती टिकली नाही.

आणि एक निकाल तर प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. जॉर्जिया राज्याने १९९० मध्ये कायदा केला की राज्यातल्या मोठ्या पदांची निवडणूक लढवणाऱ्यांनी आधी ड्रग टेस्ट द्यावी. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ८ विरुद्ध १ मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की उमेदवारांमध्ये नशेचा प्रश्न असल्याचा काही पुरावा नाही, आणि केवळ आदर्श दाखवण्यासाठी कुणाची झडती घेता येत नाही. कायदे करू पाहणाऱ्या, करांचे अब्जावधी डॉलर वाटू पाहणाऱ्या माणसाला जे संरक्षण मिळालं, तेच ३०३ डॉलर मागणाऱ्या आईला मिळायला हवं. फ्लोरिडाच्या खटल्यात न्यायालयांनी नेमकं हेच म्हटलं. मदतीचा अर्ज केला म्हणून माणूस खाजगीपणावरचा हक्क सोडून देत नाही.

आता ‘करदात्यांचा पैसा’ कुणाकुणाला मिळतो तेही पाहू. घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणारे आपल्यात कितीतरी आहेत. कंपनीकडून मिळणाऱ्या आरोग्यविम्यावर आपण कर भरत नाही. मुलांच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पैशांवरच्या वाढीला सूट मिळते. हे सगळं सरकारच्या तिजोरीतूनच येतं, फक्त धनादेश हातात पडत नाही म्हणून जाणवत नाही. २०२० च्या महासाथीत धंदे वाचवण्यासाठी सरकारने सुमारे ८०० अब्ज डॉलरची कर्जं दिली आणि त्यांतली बहुतेक माफ केली. एकाही धंदेवाल्याला बाटलीत नमुना दे असं कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला नकोच होतं. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या खासदार ग्वेन मूर यांनी दीड लाख डॉलरहून जास्त वजावट मागणाऱ्या श्रीमंत करदात्यांची चाचणी घ्यावी असं विधेयक मांडलं होतं. ते मंजूर होणार नाही हे त्यांनाही ठाऊक असणार. पण ते विधेयक वाचून आपल्याला जो राग येतो, जो अपमान वाटतो, तो खरा आहे, आणि तोच राग, तोच अपमान त्या आईचाही आहे.

आपल्यातल्या काहींच्या मनात आणखी एक सल आहे, तो मला समजतो. १९९६ च्या ज्या कायद्याने राज्यांना या चाचण्यांची मुभा दिली, त्याच कायद्याने कायदेशीर स्थलांतरितांना ग्रीन कार्ड मिळाल्यावरही सहसा पाच वर्षं अशी मदत मागता येणार नाही असं ठरवलं. ‘आम्ही कर भरला आणि अडचणीच्या काळात आम्हाला काही नव्हतं, मग यांना फुकट का?’ हा प्रश्न त्यातून येतो. पण आपल्याला नाकारलं गेलं ते अन्यायाचं होतं, तर त्यावरचा उपाय आणखी कुणाला नाकारणं हा नसावा. शिवाय फुकट किती मिळतं? १९९६ मध्ये दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना ही रोख मदत मिळत होती, २०२० मध्ये २१ कुटुंबांना. केंद्राकडून राज्यांना जाणारा साडेसोळा अब्ज डॉलरचा निधी १९९६ च्या कायद्यापासून जवळपास तेवढाच आहे, महागाई कुठल्या कुठे गेली. आयुष्यात एकूण ६० महिन्यांपलीकडे केंद्राच्या पैशातून ती मिळत नाही. आणि ती घेणाऱ्यांत बहुसंख्य मुलं आहेत.

मुलांचं नाव समर्थकही घेतात. नशा करणाऱ्या आईबापांच्या हातात पैसे दिले तर ते मुलांच्या तोंडात पडणार नाहीत, ही त्यांची भीती. ती मी झटकून टाकणार नाही. व्यसन असलेल्या घरात मुलांचे हाल होतात, हे खरं आहे. पण फ्लोरिडाच्या कायद्याने काय केलं? पालक पॉझिटिव्ह आला तर मुलाचे पैसे दुसऱ्या प्रौढाने घ्यायचे, त्यानेही आधी चाचणी द्यायची, आणि पालकाचा निकाल बालछळाच्या तक्रारींसाठी असलेल्या राज्याच्या हॉटलाइनकडे जायचा. ज्या आईला खरोखर उपचार हवे आहेत तिला यातून एकच निरोप मिळतो की गप्प राहा, नाहीतर मूल जाईल. साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनच्या सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांच्या नमुन्यांची कोकेनसाठी तपासणी करून निकाल पोलिसांना दिले जात होते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. डॉक्टरांच्या संघटनांनी तेव्हाही सांगितलं होतं की भीतीने या बायका दवाखान्यात यायच्याच थांबतील. प्रयोगशाळेतल्या माणसाला हे फार लागतं. नमुना देणारा माणूस आपल्यावर विश्वास टाकून देतो, निदान तसं असायला हवं.

व्यसन हा आजार आहे आणि त्यावर औषधं आहेत. हेरॉइन, फेंटानिल यांच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन चांगली चालतात, मृत्यू कमी करतात, हे आता वादातीत आहे. अडचण ती मिळण्याची आहे. गरिबांच्या उपचाराचा खर्च उचलणारी मुख्य योजना म्हणजे मेडिकेड. २०१० च्या आरोग्य कायद्याने ती गरीब प्रौढांपर्यंत वाढवायची संधी राज्यांना दिली आणि वाढीव खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने घेतला. तरीही फ्लोरिडा आणि टेनेसी या राज्यांनी ती वाढवली नाही. म्हणजे चाचणीसाठी या राज्यांकडे पैसे आणि हुरूप दोन्ही होते, उपचारासाठी मात्र केंद्र देत असलेले पैसेही घेतले नाहीत. या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात मला सर्वांत जास्त चीड याचीच आली.

हे फक्त अमेरिकेत चाललेलं नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सरकारने तीन ठिकाणी ५,००० नव्या मदतार्थींची चाचणी करायचं ठरवलं होतं. तिथल्या डॉक्टरांच्या आणि व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी एकमुखाने विरोध केला. पुढे दोनदा विधेयक पुन्हा आणलं, तरी सिनेटने ते मंजूर केलं नाही.

माझी तुम्हाला विनंती अशी. किमान १५ राज्यांत असे कायदे होऊन गेले आहेत आणि दर अधिवेशनात कुठे ना कुठे नवं विधेयक येतंच. तुमच्या राज्यात आलं तर तुमच्या आमदाराला पत्र लिहा. त्याला विचारा की आधीच्या राज्यांत किती चाचण्या झाल्या, किती पॉझिटिव्ह आल्या, खर्च किती आला. पॉझिटिव्ह आलेल्या आईला उपचार केंद्रात जागा किती दिवसांत मिळेल आणि त्याचे पैसे कोण देईल, हे त्या विधेयकात लिहिलंय का, तेही विचारा. मेडिकेड तुमच्या राज्याने वाढवलं नसेल तर का नाही, हे विचारा. आणि पुढच्या वेळी कुणी आपल्यात बसून ‘मला द्यावी लागते, त्यांना का नको’ म्हणालं, तर मान डोलावू नका. त्याला जॉर्जियाच्या उमेदवारांचा निकाल सांगा, फ्लोरिडाचे १०८ सांगा, आणि वाद घालायची वेळ आली तर वाद घाला.

आपली नम्र,
प्रयोगशाळेत काम करणारी एक मराठी करदाती